सात मिनिटं

चौदा वर्षं मी आईला एकच उत्तर देत आले : अगं, सगळं कॉपी केलंय.

ती विचारायचीही कधीमधीच. लॅपटॉपवर काहीतरी शोधता शोधता थांबायची आणि म्हणायची, "माझं ते मुलांचं त्या जुन्या कंप्युटरमध्ये राहिलंच वाटतं." मी मान वर न करता सांगायचे, "नाही गं, माय डॉक्युमेंट्स सगळंच्या सगळं घेतलंय तेव्हा." यात खोटं काही नव्हतं. २०१० साली एका संध्याकाळी आई टाइप करत असताना तो कंप्युटर खट्‌कन बंद पडला. पॉवर सप्लाय जाताना मदरबोर्डलाही घेऊन गेला होता. मी डिस्क काढली, दुसऱ्या मशीनला लावली, ते एक फोल्डर उचललं आणि विषय संपवला. मग डिस्क एका लोकरीच्या मोज्यात घालून खणात टाकली. (डिस्क ठेवायला लोकरीच्या मोज्याइतकी वाईट जागा शोधून सापडणार नाही, स्थिर विजेचं माहेरघर ते. तेव्हा डोक्यात आलं नाही.)

मोज्यातून ती बाहेर आली ती आईच्या शंकेपायी, असं लिहायला मला आवडलं असतं. पण तसं झालं नाही. एखाद्या जुन्या कंप्युटरची अख्खी डिस्क उचलून व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका कंप्युटरच्या आत सॉफ्टवेअरनं मांडलेल्या दुसऱ्या आभासी कंप्युटरमध्ये, उभी करता येते का, हे मला बघायचं होतं. निव्वळ हौस. आणि हाताशी जुनी डिस्क ती एकच होती.

४० जीबीची आयडीई डिस्क. हल्लीच्या पोरांना दाखवली तर वीट समजतील. मागे चाळीस पिनांचं रुंद तोंड. मोजल्या तर एकोणचाळीसच भरतात, केबल उलटी बसू नये म्हणून मधली एक मुद्दाम गाळलेली असते. शेजारी पॉवरच्या चार जाड पिना, आणि दोन्हींच्या मधे तो नखाएवढा जंपर, मास्टर की स्लेव्ह ते ठरवणारा. यूएसबीचं अडॅप्टर जोडलं, पॉवर दिली आणि श्वास धरून बसले. आधी काहीच नाही. मग एक बारीक घरघर चढत गेली, चढत चढत एका सुरावर स्थिरावली आणि आतून दोनदा टक्‌टक्‌ झालं. तो आवाज मी विसरले आहे असं मला वाटत होतं. शेजारच्या खोलीतून आईनं विचारलं, "काय गं, कंप्युटर लावलास?" म्हणजे तीही विसरली नव्हती.

अशी डिस्क हातात आली की पहिलं पथ्य म्हणजे तिच्यावर काहीही लिहिलं जाता कामा नये. विंडोजच्या मशीनला जोडली की विंडोज लगेच घरमालकासारखं वागायला लागतं, आपल्या खुणा टाकतं, चेक करू का म्हणून विचारतं. शिवाय विंडोजमध्ये फाइल नुसती उघडली तरी 'शेवटची कधी उघडली' ही तारीख बदलू शकते. म्हणून विंडोजऐवजी लिनक्स घेतलं आणि डिस्कला 'फक्त वाचन' असं बजावून मगच हात लावला.

कॉपी करायला जुनं, भरवशाचं डीडी आहे. या दोन अक्षरी कमांडला लोक गमतीनं डिस्क डिस्ट्रॉयर म्हणतात, कारण कुठून घ्यायचं आणि कुठे लिहायचं यांची अदलाबदल झाली तर ती निमूटपणे कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर ओतते. एका शब्दानं विचारत नाही. मी वापरलं ते डीडी-रेस्क्यू. म्हाताऱ्या डिस्कशी बोलायची रीत त्याला माहीत आहे. साधं डीडी खराब जागेपाशी अडतं. डीडी-रेस्क्यू ती जागा सोडून पुढे जातं, आधी सगळं धडधाकट ते उचलून घेतं आणि मग राहिलेल्या जागांपाशी परत परत येऊन विनवणी करतं. कुठवर आलो, काय राहिलं, याची नोंद ते एका फाइलमध्ये ठेवत जातं, त्यामुळे मधेच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

डिस्कवर ७,८१,६५,३६० सेक्टर, म्हणजे साठवणीचे छोटे कप्पे. एकेक ५१२ बाइटचा. पहिल्या तासाभरातच जवळजवळ सगळे आले आणि उरलेल्या चिमूटभरासाठी रात्र गेली. मी दिवा बंद करून पडले होते आणि टेबलावरून मधूनच टक्‌… टक्‌… असा आवाज यायचा, मग बराच वेळ शांतता. सकाळी पडद्यावर आकडा होता : ४६ सेक्टर वाचता आले नाहीत. साडेतेवीस हजार बाइट. ते कुठल्या फायलींचे म्हणून शोधलं, तर जवळजवळ सगळे पेजफाइलमधले, म्हणजे मेमरी अपुरी पडली की विंडोज जिथे तात्पुरता पसारा टाकतं त्या अडगळीतले. उरलेले एका खेळाच्या आवाजाच्या फाइलमधले. नशीब म्हणतात ते हेच.

डिस्क परत खणात गेली. या वेळी मोज्यात नाही. हातात राहिली एक फाइल, अख्ख्या डिस्कची इमेज, ४० अब्ज बाइटची. तिचा चेकसम, म्हणजे एक बाइट बदलला तरी बदलणारा ओळखीचा आकडा, काढून ठेवला, तिच्यावर लिहिण्याची परवानगी काढून घेतली आणि पुढचं सगळं काम तिच्या प्रतीवर करायचं ठरवलं.

फायली कॉपी करणं आणि इमेज घेणं यातला फरक मला पुस्तकी भाषेत ठाऊक होता. कॉपी करताना आपण निवडतो : हे हवं, ते नको. इमेज घेणाऱ्याला 'फाइल' या शब्दाचाच पत्ता नसतो. तो पहिल्या सेक्टरपासून शेवटच्यापर्यंत मुकाट्यानं उतरवत जातो. त्यात पुसलेलं येतं, अर्धवट पुसलेलं येतं, रिकामी म्हणून दाखवलेली जागा येते, आणि ती जागा रिकामी असतेच असं नाही. फाइल डिलीट केली तरी विंडोज फक्त यादीतली तिची नोंद सोडून देतं, मजकूर तिथेच पडून राहतो, दुसरं कोणी त्या जागेवर येईपर्यंत. हे सगळं मला माहीत होतं. इमेज वाचनापुरती माउंट करून, म्हणजे डिस्कसारखी जोडून, आत शिरले तेव्हा मात्र पहिल्या पाच मिनिटांतच जे दिसलं ते इतकं साधं होतं की मलाच माझी लाज वाटली.

डेस्कटॉप. मी डेस्कटॉप कॉपीच केला नव्हता.

त्या कंप्युटरवरच्या विंडोज एक्सपीमध्ये प्रत्येक माणसाचं एक फोल्डर, त्यात माय डॉक्युमेंट्स एक आणि डेस्कटॉप दुसरं, शेजारी शेजारी. आईसारखी माणसं जे चालू काम असेल ते डोळ्यासमोर ठेवतात, म्हणजे डेस्कटॉपवर. संपलं की मग 'आत' टाकतात. मी आतलं सगळं उचललं होतं आणि समोरचं सोडून आले होते. डेस्कटॉपवर 'मुले' नावाचं फोल्डर होतं, इंग्रजी अक्षरांत नाव दिलेलं, आणि त्यात चार फायली.

आई शिक्षिका होती. निवृत्त झाल्यावर तिनं वर्गातल्या मुलांवर छोटी छोटी टिपणं लिहायला घेतली होती. एका मुलावर एक, पान-दीड पान. माझ्याकडे सव्वीस होती. ही चार धरून तीस.

"आई, सापडलं," मी म्हटलं.

"काय?"

"तुझं मुलांचं. राहिलं होतं."

ती डाळिंबी रंगाचा चष्म्याचा डबा उघडत होती. तो तसाच मिटून म्हणाली, "मी म्हणतच होते." एवढंच. चौदा वर्षांचा हिशेब तिनं तीन शब्दांत मिटवला. मला ओरडली असती तर बरं वाटलं असतं.

आता त्या चार फायली पेन ड्राइव्हवर घेतल्या की झालं, व्हर्च्युअल मशीनचा खटाटोप कशाला, असं कोणीही विचारेल. त्याचं उत्तर त्या फायली उघडल्यावर मिळतं. आईनं टाइप केलं ते युनिकोड, म्हणजे प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारी पद्धत, आमच्या घरात पोचण्याआधीच्या एका फॉन्टमध्ये. त्या फॉन्टची युक्ती सरळ होती : इंग्रजी अक्षरांच्या घरांमध्ये देवनागरीचे तुकडे बसवलेले. कंप्युटरच्या लेखी ते इंग्रजीच, फक्त फॉन्ट अंगावर असेपर्यंत मराठी दिसणार. फॉन्ट काढला की कंस, टक्के आणि स्वल्पविराम यांची रांगोळी उरते. असा मजकूर युनिकोडमध्ये आणणारे कन्व्हर्टर आहेत, पण ते प्रसिद्ध फॉन्टचे. आईच्या फॉन्टला कोणी वाली नव्हता. जवळचा एक लावून पाहिला तर सगळ्या पहिल्या वेलांट्या एक घर सरकल्या. त्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफाराचं उलटं. शिवाय कुठल्या कळीवर कोणतं अक्षर ते फक्त त्या कंप्युटरला आणि आईच्या बोटांना माहीत. तेव्हा फायली नेण्यापेक्षा कंप्युटरच उठवून बसवणं सोपं, असं मी स्वतःला पटवलं. हौस होतीच.

कच्ची इमेज व्हर्च्युअलबॉक्स या व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या साच्यात ओतायला एक कमांड पुरते. जुन्या मशीनला २५६ एमबी मेमरी होती, मी उदार होऊन ५१२ दिली. सुरू केलं. काळा पडदा, विंडोजचा लोगो, त्याखाली सरकणारी निळी पट्टी. पट्टी दोनदा सरकली आणि अख्खी खिडकी निळी झाली. एरर ७बी : बूट डिव्हाइस सापडत नाही.

ज्यांनी हा उद्योग केला आहे त्या प्रत्येकाला ७बी भेटलेला असतो. त्यातली मेख मात्र मला अजूनही मजेशीर वाटते. डिस्क सापडत नाही असं सांगणारा हा पडदा त्याच डिस्कवरून तर आला! होतं असं की, सुरुवातीला एक्सपीचं बोट बायॉसनं, म्हणजे मदरबोर्डवरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमनं, धरलेलं असतं. बायॉसच्या मार्फत डिस्क वाचून कर्नल, म्हणजे विंडोजचा गाभा, मेमरीत चढतं, तोवर मशीन कुठलंही असलं तरी निभावतं. मग कर्नल ते बोट सोडतं आणि स्वतःच्या ड्रायव्हरनं, म्हणजे हार्डवेअरशी बोलणाऱ्या छोट्या प्रोग्रॅमनं, डिस्क शोधायला निघतं. आमच्या जुन्या मदरबोर्डवर व्हिया कंपनीची चिप होती आणि रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जच्या वहीत, ओळख तेवढ्या एकीचीच. व्हर्च्युअलबॉक्सनं तिच्या जागी इंटेलची पीआयआयएक्स४ मांडून ठेवलेली. चिप साधी, जुनी, नव्वदच्या दशकातली, पण एक्सपीच्या दृष्टीनं अनोळखी. झालं, गाडं अडलं.

जुनं मशीन चालू स्थितीत असतं तर हे दुखणं सोपं होतं. आधीच ड्रायव्हर घालून ठेवायचा. मेलेल्या मशीनच्या बाबतीत बाहेरून शस्त्रक्रिया करावी लागते. विंडोज बंद असताना रजिस्ट्रीची सिस्टिम नावाची फाइल लिनक्समधून उघडायची आणि तिच्यात त्या इंटेल चिपचा क्रमांक लिहून द्यायचा, की बाबा, ही दिसली तर हा ड्रायव्हर सुरुवातीलाच उठव. मी ते केलं. तरी ७बी. अर्धा दिवस गेल्यावर लक्षात आलं, ज्या ड्रायव्हरला उठव म्हणून सांगतेय तो ड्रायव्हर्सच्या फोल्डरमध्ये मुळात नाहीच. कारण त्या मशीनला त्याची गरजच कधी पडली नव्हती. मग नवा कुठून आणायचा? कुठूनही नाही. विंडोज फोल्डरमध्येच, ड्रायव्हर कॅश नावाच्या कोपऱ्यात, ड्रायव्हर डॉट कॅब नावाचं एक गाठोडं होतं आणि त्यात तो होता. इन्स्टॉल झाल्या दिवसापासून, घडी न मोडलेला. फायली निवडून उचलणाऱ्या कोणीही तो कॅब घेतला नसता. मी तर नाहीच.

पुढच्या खेपेला निळी पट्टी सरकत राहिली, सरकत राहिली आणि स्वागताचा पडदा आला. मी खुर्चीतून उठून खोलीत एक फेरी मारली.

(हिरव्या टेकडीच्या वॉलपेपरबद्दल लोकांनी पुष्कळ लिहून ठेवलंय. आमच्याकडेही तोच होता. पुढे जाते.)

आत शिरल्यावर खाली उजव्या कोपऱ्यात फुगे उगवायला लागले : नवं हार्डवेअर सापडलं, नवं हार्डवेअर सापडलं. डिस्प्ले नवा, नेटवर्क कार्ड नवं, साउंड नवं. एक्सपीला बिचाऱ्याला वाटलं, आपण झोपलो असताना कोणीतरी सगळे अवयव बदलले. ते खरंच होतं म्हणा. मग त्यानं ताकीद दिली : हार्डवेअर फार बदललंय, तीन दिवसांत पुन्हा ॲक्टिव्हेट करा. तीन दिवस कशाला, मला एक दुपार पुरेशी होती. नेटवर्कची आभासी केबल मी आधीच काढून ठेवली होती. एक्सपीचा सपोर्ट ८ एप्रिल २०१४ ला संपला, त्याला इंटरनेटवर सोडणं म्हणजे म्हाताऱ्या माणसाला भर हमरस्त्यात उभं करणं.

सगळं चालत होतं. फक्त डेस्कटॉप आईचा वाटत नव्हता. डिस्प्लेचा ड्रायव्हर नसल्यामुळे एक्सपी इवल्याशा ६४० बाय ४८० मध्ये उघडलं होतं आणि तेवढ्या जागेत मावेनात म्हणून त्यानं सगळे आयकॉन डावीकडे रांगेत उभे केले होते. शाळेच्या प्रार्थनेला उभे करतात तसे. आईची मांडणी तशी नव्हती. रिसायकल बिन तिनं पार खाली उजव्या कोपऱ्यात हाकललेलं असायचं, चुकून हात लागायला नको म्हणून. वर्ड एकटं मधोमध. त्याच्या उजवीकडे थोडं खाली, वेगळं, 'मुले'.

मला हे आठवत होतं म्हणजे मी तो पडदा बघत होते. मग कॉपी करताना कसं दिसलं नाही? कारण तेव्हा डिस्क दुसऱ्या मशीनला लावलेली, समोर होती फोल्डरांची यादी. यादीत मांडणी नसते.

आयकॉन पुन्हा हातानं लावता आले असते. नाही लावले. ती प्रत फेकली, मूळ इमेजवरून नवी काढली, चिपचं ऑपरेशन पुन्हा केलं आणि या वेळी आईच्या नावानं शिरलेच नाही. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून शिरले, डिस्प्लेचा ड्रायव्हर घातला, पडदा तिच्या जुन्या मॉनिटरएवढा, १०२४ बाय ७६८ केला आणि बाहेर आले. आईचं खातं तिच्यासाठी ठेवलं.

त्याआधी, पहिल्याच खेपेला, मी एक गोष्ट बघून घेतली होती. विंडोजची रोजनिशी, इव्हेंट व्ह्यूअर. तिच्यात कंप्युटर सुरू झाला की ६००५ नंबरची नोंद पडते, रीतसर बंद केला की ६००६. पान उलटत मागे गेले. ६००५, ६००६, ६००५, ६००६, वर्षानुवर्षं, आईच्या शिस्तीनं. अगदी शेवटी एक ६००५ आणि तिची जोडीदार नाही. त्यानंतर थेट माझ्या व्हर्च्युअल मशीनमधली पहिली नोंद, ६००८ : मागच्या वेळी हा कंप्युटर १४ जुलै २०१० रोजी संध्याकाळी ७ वाजून ११ मिनिटांनी अनपेक्षितपणे बंद झाला. मधली चौदा वर्षं त्याच्या हिशेबी नव्हतीच. जागं झाल्या झाल्या त्यानं पहिली तक्रार केली ती त्या संध्याकाळची.

रविवारी दुपारी आईला बसवलं. मोठा कीबोर्ड दिला, लॅपटॉपचा तिला आवडत नाही. तिच्या नावावर क्लिक झालं, ती ओळखीची सुरावट वाजली आणि डेस्कटॉप उघडला. रिसायकल बिन कोपऱ्यात, वर्ड मधोमध. मी तिच्या तोंडाकडे बघत होते. ती काही बोलली नाही. माउस हातात घेतला आणि माझ्या अपेक्षेप्रमाणे 'मुले' न उघडता सरळ वर्डवर गेली.

वर्ड उघडलं आणि डाव्या बाजूला एक पट्टी आली. अशी काही पट्टी येईल हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं. डॉक्युमेंट रिकव्हरी. एकच नाव होतं, नाव न दिलेल्या फाइलचं, आणि खाली : बुधवार, १४ जुलै २०१०, ७ वाजून ४ मिनिटं.

वर्ड दर दहा मिनिटांनी चालू कामाची एक गुपचूप प्रत काढून आडबाजूच्या फोल्डरमध्ये टाकतं आणि काम रीतसर बंद झालं की ती पुसतं. त्या दिवशी काहीच रीतसर झालं नव्हतं.

"हे काय?" आई म्हणाली.

"क्लिक कर."

अर्धं पान उघडलं, तिच्या फॉन्टमध्ये, वेलांट्या जागच्या जागी. तिनं चष्मा नाकावर ठीक केला आणि ओठ हलवत वाचायला लागली. एकतिसावं टिपण. रोज उशिरा येणाऱ्या एका मुलाचं. दप्तर छातीशी धरून दारात उभा राहायचा आणि आत ये म्हटल्याशिवाय पाऊल टाकायचा नाही. शेवटची ओळ अशी : 'शेवटी एक दिवस मी त्याला जवळ बोलावून विचारले, तुला रोज उशीर का होतो, तर तो म्हणाला'

पुढे काही नाही. कर्सर उघडमीट करत होता.

७ वाजून ४ मिनिटांपासून ७ वाजून ११ मिनिटांपर्यंत तिनं काय लिहिलं ते मेमरीत होतं आणि मेमरी पॉवर सप्लायबरोबर गेली. मी सात कोटी सेक्टर उतरवले होते. त्यातल्या एकातही ते नव्हतं, कारण ते डिस्कवर कधी आलंच नव्हतं.

"काय म्हणाला होता?" मी विचारलं.

आई बराच वेळ पडद्याकडे बघत राहिली. "काहीतरी म्हणाला होता गं. मला हसूही आलं होतं आणि…" ती थांबली. "नाही आठवत. त्याचा आवाज आठवतोय. घोगरा होता." मग ती पुढे वाकली. "हे बघ, 'विचारिले' झालंय इथे वरती." बाणाची कळ दाबत वर गेली, जास्तीची वेलांटी काढली, परत खाली आली. शेवटच्या ओळीपुढे काही लिहिलं नाही. फाइलला त्या मुलाचं नाव दिलं आणि सेव्ह केली, आणि मग पूर्वीसारखीच आणखी एकदा केली, उगीच.

व्हर्च्युअल मशीनची खिडकी फुलीवर क्लिक करून बंद करता येते, हे मी तिला सांगणार होते. पण ती तोवर स्टार्टवर गेली होती. टर्न ऑफ. पडदा करडा झाला, 'सेटिंग्ज सेव्ह करत आहे' आलं, ते गेलं. खिडकी मिटेपर्यंत ती हात मांडीवर ठेवून थांबली आणि मग सवयीनं टेबलाखाली वाकून यूपीएसचं बटण चाचपायला लागली.